रिपोर्टात ‘प्रोलॅप्स’ आलंय

हृदयाच्या तज्ज्ञाला दाखवायचं म्हणजे पांढरकवडा-केळापूरकडचा माणूस यवतमाळला, सावंगी-सेवाग्रामला, नाहीतर सरळ नागपूरला निघतो. परतताना पिशवीत टुडी इकोचा रिपोर्ट असतो आणि पुष्कळदा त्यात एक ओळ असते : ‘एएमएल प्रोलॅप्स, ट्रिव्हिअल एमआर’. मायट्रल झडपेचं पुढचं पान थोडं मागे झुकतं आणि नावापुरतं रक्त उलट येतं, एवढाच तिचा अर्थ. घरी मात्र बातमी पोचते ती ‘व्हॉल्व्ह खराब निघाला’ अशी. तरुण मुलीचा रिपोर्ट असेल तर आईबापांची झोपच उडते.

मायट्रल झडप हृदयाच्या डाव्या बाजूला, वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मध्ये असते. तिला दोन पानं असतात आणि ती बारीक दोऱ्यांनी खालच्या स्नायूंना बांधलेली असतात. पानं सैल, जाड किंवा दोरे लांब झाले, की हृदय आकुंचन पावताना पान वरच्या कप्प्यात फुगतं. हाच प्रोलॅप्स. स्टेथोस्कोपातून अशा वेळी ‘टक्’ असा आवाज येतो आणि मागोमाग फुसफुस ऐकू येते. हा आवाज झडपेतूनच येतो, हे जोहान्सबर्गच्या जॉन बार्लो यांनी 1963 मध्ये दाखवून दिलं.

पुढे इको यंत्रं आली आणि प्रोलॅप्सचं जणू पीकच आलं. काही पाहण्यांत तर निरोगी तरुणांमध्येही शंभरात दहा-पंधरा जणांना तो आहे असं निघालं. चूक मोजण्यात होती. झडपेची कडा सपाट नसून घोड्याच्या खोगिरासारखी वर-खाली वळलेली असते, हे 1980 च्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं. एका विशिष्ट कोनातून पाहिलं, की चांगलं पानही कडेच्या पलीकडे गेल्यासारखं भासतं. तेव्हापासून योग्य दृश्यात पान कडेपलीकडे 2 मिलिमीटरपेक्षा जास्त गेलं तरच प्रोलॅप्स म्हणायचं ठरलं. या कसोटीवर अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम गावातल्या 3491 जणांना तपासलं, तेव्हा 84 जणांना तो सापडला, म्हणजे 2.4 टक्के. हा अहवाल 1999 मध्ये आला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी, की छातीत दुखणं आणि दम लागणं या तक्रारी प्रोलॅप्स असलेल्यांत आणि नसलेल्यांत सारख्याच होत्या.

मग हृदयरोग्यांच्या ओपीडीत हे प्रमाण जास्त का दिसतं? कारण तिथे धडधड होते, दुखतं, फुसफुस ऐकू आली, असेच लोक येतात. इको त्यांचाच निघतो आणि प्रोलॅप्स सापडतोही त्यांच्यातच. त्या आकड्यावरून गावाचा अंदाज बांधू नये.

आपल्याकडे एक फरक नीट कळायलाच हवा. लहानपणी घसा बिघडून पुढे सांधे सुजतात, ताप येतो, तो ऱ्हुमॅटिक ताप. त्याने झडपेची पानं जाड होतात, एकमेकांना चिकटतात, झडप आकसते. हा आजार वेगळा आणि जास्त घातक. त्यात दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, ते चुकवून चालत नाही. निव्वळ प्रोलॅप्सला हे इंजेक्शन लागत नाही. दात काढण्याआधी अँटिबायोटिक देण्याची जुनी पद्धतही अशा रुग्णांसाठी अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2007 मध्ये थांबवली.

याचा अर्थ प्रोलॅप्स नेहमीच निरुपद्रवी असतो असा नाही. थोड्या जणांत गळती वाढत जाते, दोरा तुटतो, एकदम दम लागतो. क्वचित ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. चक्कर येऊन शुद्ध हरपली, जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त धाप लागू लागली, तर वेळ घालवू नये. मोठ्या गळतीतही झडप बहुधा शिवून दुरुस्त करता येते. स्वतःचीच झडप राहते आणि धातूच्या झडपेसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागत नाही.

म्हणून रिपोर्ट हाती आला, की डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात : गळती किती, डावा कप्पा फुगलाय का, पंपिंग किती टक्के? आणि जुना रिपोर्ट रद्दीत घालू नये. पुढच्या खेपेला मागचा आकडा समोर नसेल, तर गळती वाढली की तेवढीच आहे, हे मोठ्या डॉक्टरालाही सांगता येत नाही.