कराराचा कोश व बोलपट

साहसी बोलपटांतील नायक ज्या धनाच्या शोधार्थ निघतो, तें पुष्कळदां धर्मकथेंतून घेतलेलें असतें. त्यांत ग्रंथाचें किती व कल्पनेचें किती, हें निवडण्यास आमच्या विद्यार्थ्यांनीं शिकावें, असें आम्हांस वाटतें.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा १९८१ सालचा ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ हा बोलपट घ्या. त्यांतील धन म्हणजे कराराचा कोश. निर्गमाच्या पुस्तकांत तो बाभळीच्या लांकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद व तितकाच उंच, सोन्यानें मढविलेला असा वर्णिला आहे. पण त्याचें महत्त्व सोन्यामुळें नव्हे, आंतील आज्ञांच्या दगडी पाट्यांमुळें होतें.

पुढें या कोशाचें काय झालें, हें जुना करार सांगत नाहीं. तेथेंच कथाकारास वाट सांपडते. मिसरच्या शिशक राजानें यरुशलेमेंतील मंदिराचें भांडार लुटलें, एवढें शास्त्रांत आहे. त्यानें कोश तानिस नगरांत नेला, ही बोलपटाची कल्पना होय.

परंतु एका बाबतींत बोलपट मूळ कथेशीं इमान राखतो. १९३६ सालीं घडणाऱ्या या कथेंत नाझी लोक कोशाचें शस्त्र करूं पाहतात, व तो उघडतांच त्यांचा नाश होतो. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत खुद्द इस्राएल लोकांनींही जयाच्या आशेनें कोश रणांत आणिला. त्यांचा पराभव झाला व कोश पलिष्ट्यांच्या हातीं गेला. पवित्र वस्तु हातीं असल्यानें देव मनुष्याचा चाकर होत नाहीं, हाच दोहोंचा बोध.

असा बोलपट पाहून आल्यावर मुलांनीं मूळ अध्याय उघडावा व पालकांनीं जवळ बसून तो वाचून घ्यावा. म्हणजे मौजही राहील आणि सत्यही हरवणार नाहीं.