चौथऱ्यावरची कोळीण

फेब्रुवारी 1848 मध्ये पॅरिसमध्ये राजसत्ता कोसळली आणि फ्रान्समधल्या प्रत्येक सज्ञान पुरुषाला मताधिकार मिळाला. त्यानंतर दोनच वर्षांत गुस्ताव्ह कूर्बे या चित्रकाराने ओर्नाँ या आपल्या गावातला एक दफनविधी रंगवला. चित्र सहा मीटरांहून रुंद. एवढे मोठे कापड तोवर देव, राजे आणि लढाया यांच्यासाठीच ताणले जाई. त्यावर गावकरी, पाद्री आणि कबर खणणारा आला, आणि पॅरिसचे टीकाकार खवळले. 1857 मध्ये चित्रकार मिले याने सरवा वेचणाऱ्या तीन बायका रंगवल्या. कापणी झालेल्या शेतात कमरेत वाकलेल्या त्या बायकांतही काहींना बंडाची चाहूल लागली.

पेणच्या गणपती कारखान्यांत हिंडताना मला कूर्बेचे ते मोठे कापड आठवत राहते. पेण, हमरापूर, जोहे इथली घरेच्या घरे या कामावर जगतात. गुजरातेतून आलेली शाडू साच्यात दाबायची, मूर्ती वाळवायची, घासायची, रंगवायची आणि शेवटी डोळ्यांची आखणी. पेणची कीर्ती या आखणीवर उभी आहे. पण हे हात घडवतात देव. घडवणारा माणूस चौथऱ्यावर चढत नाही.

तो चढला अलिबाग तालुक्यातल्या सासवण्यात. विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म 1891 चा. घरात गणपती करण्याची परंपरा. गावच्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. पुढे करमरकरांनी पुण्यात महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा उभारला. त्याचे अनावरण 1928 मध्ये झाले. मला मात्र ते खरे मोठे वाटतात सासवण्याच्या त्यांच्या घरात. तिथे कोळीण आहे, कष्टकरी गडी आहेत, म्हैससुद्धा आहे. त्यातली कितीतरी शिल्पे साध्या सिमेंटची आहेत! कोळणीच्या मानेचा ताठा आणि लुगड्याचा काचा त्यांनी देवीच्या मूर्तीइतक्याच निष्ठेने घडवला. गरीब म्हणून कणव नाही, की परक्याला दाखवायची गंमत नाही. मिलेच्या बायकांचे चेहरे सावलीत बुडालेले आहेत. ही कोळीण समोर पाहते.

गाण्याची गोष्ट वेगळी. ल्यों शहरातल्या लोहाराचा मुलगा पिएर द्युपों याने 1846 मध्ये कामगारांचे गीत रचले आणि 1848 च्या क्रांतीत ते लोकांच्या तोंडी होते. पण कामगारांसाठी ते लिहिले एका कवीने. रोहे तालुक्याच्या गावांत गौरी-गणपतीत जाखडीचा नाच उभा राहतो तेव्हा असा मध्यस्थ लागत नाही. नाचणारे भातशेती करणारे. पूर्वी त्यांतले कितीतरी मुंबईच्या गिरण्यांतून सणाला परतत. मधोमध ढोलकी आणि झांज, भोवती पायांत चाळ बांधून फिरणारे बाल्ये. शक्तीवाल्यांचा पक्ष सवाल टाकतो, तुरेवाल्यांचा पक्ष जवाब देतो आणि रात्र सरते. पुराणातल्या कोड्यांच्या जोडीला गावचे ताजे प्रश्नही गाण्यात येतात. शाहीर त्यांच्यातलाच असतो, आणि गाण्याच्या अखेरीस तो आपल्या गुरूचे आणि स्वतःचे नाव गुंफतो.