आमचा मतदारसंघ : सांगोला

राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात ‘मतदारसंघ’ या शब्दाची व्याख्या दोन ओळींत आटोपते. परीक्षेपुरती ती पुरतेही. परंतु ज्या मतदारसंघात आपण जन्मलो, त्याची हकिकत सांगू लागलो की दोन ओळी पुरत नाहीत, हा अनुभव मला वसतिगृहात आल्यापासून वारंवार येतो. ‘कुठला रे तू?’ या प्रश्नाला ‘सांगोल्याचा’ असे उत्तर दिले, की समोरचा हमखास दोहोंपैकी एक बोलतो. थोडा वयस्क असला तर म्हणतो, ‘म्हणजे गणपतरावांचा!’ आणि आमच्या वयाचा असला तर डोळे मिचकावून 2022 सालचे ते ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणून दाखवतो. एका तालुक्याची ही दोन टोके. ती एकाच मतदारसंघात कशी आली, ते सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सांगोला हा सोलापूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येचा तालुका, माणदेशातला. माणदेश माडगूळकरांमुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, त्यामुळे तिथल्या दुष्काळाचे वर्णन मी करीत नाही. माण नदी आहे, पण तिच्यात पाणी असण्यापेक्षा वाळू असण्याचेच दिवस अधिक. खिलार जनावरांचा बाजार, मेंढरे, ज्वारी आणि अलीकडच्या काही दशकांत डाळिंब ही तालुक्याची ओळख. डिसेंबर 2020 मध्ये देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे सुटली. ज्या तालुक्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या ऊसतोडीला आणि खडी फोडायला बाहेर गेली, तिथून माल भरून गाडी निघाली, याचे आमच्या घरी फार अप्रूप वाटले होते.

निवडणूक आयोगाच्या यादीत सांगोल्याचा क्रमांक 253 आहे. राज्यातील एकूण 288 पैकी हा एक. 288 ही संख्या 1978 पासूनची. 1962 साली जागा 264 होत्या आणि 1967 साली 270. लोकसभेसाठी पूर्वी आम्ही पंढरपूर या राखीव मतदारसंघात होतो. 2008 च्या पुनर्रचनेनंतर माढ्यात आलो. त्याच पुनर्रचनेत पंढरपूर तालुक्यातील भाळवणी मंडल सांगोला विधानसभेला जोडले गेले. ही गोष्ट लहान वाटते, पण तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

आता निवडणुकांकडे वळू. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख 1962 साली सांगोल्यातून प्रथम निवडून आले. ते मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे आणि पेशाने वकील. त्यानंतर 1967, 1974 ची पोटनिवडणूक, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009 आणि 2014 अशा एकूण अकरा वेळा सांगोल्याने त्यांना विधानसभेत पाठविले. मध्ये दोनदा पाडलेही, 1972 आणि 1995 साली. एकच माणूस, एकच पक्ष, एकच मतदारसंघ आणि सभागृहातली पन्नासच्या आसपास वर्षे, असे दुसरे उदाहरण महाराष्ट्रात नाही. देशात केरळातील पाला मतदारसंघाचे के. एम. मणी हे तेरा विजयांनी पुढे आहेत, हे आमच्या तालुक्यातल्या अभिमानी मंडळींनी जाता जाता ध्यानात घ्यावे.

यांतल्या काही तारखांच्या मागे राज्याचा इतिहास दडलेला आहे. 1972 ची विधानसभा पाच वर्षांऐवजी 1978 पर्यंत चालली, कारण आणीबाणीच्या काळात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने सभागृहाची मुदत वाढवली. आमच्या भागाची जागा मात्र मध्येच रिकामी होऊन 1974 ला पोटनिवडणूक लागली, म्हणून 1972 ला हरलेले गणपतराव दोन वर्षांत परत सभागृहात पोचले आणि 1977-78 मध्ये विरोधी पक्षनेतेही झाले. पुढे 1978 ला निवडून आलेली विधानसभा पुलोद सरकारच्या बरखास्तीबरोबर 1980 च्या फेब्रुवारीत गेली, आणि लोकांना सव्वादोन वर्षांतच पुन्हा मतदानाला जावे लागले. माझे आजोबा सांगतात की त्या काळी घरातल्या बायका विचारायच्या, ‘आता आणि कशाचं मत? परवाच तर दिलं!’

लोक त्यांना पुनःपुन्हा का निवडून देत? याची तीन-चार उत्तरे गावात मिळतात. ते एस. टी. ने फिरत, हे पहिले. एखाद्या आमदाराने एस. टी. ने प्रवास करणे हे त्याचे कर्तृत्व म्हणता येणार नाही. पण गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या आमदाराला फाट्यावर कोणीही अर्ज देऊ शकतो, ही सोय मोठीच. दुसरे, धनगर समाजाचा भक्कम पाठिंबा. हे कारण सभेत कोणी बोलत नाही, पारावर सगळे बोलतात. आणि ते खरेही आहे. पण तेवढ्यानेच अकरा निवडणुका जिंकता येत नाहीत, कारण तेवढ्यानेच जिंकता आल्या असत्या तर 1972 आणि 1995 घडले नसते. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : पाण्याचा आणि रोजगाराचा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही. 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली, तिचा कायदा 1979 पासून अंमलात आला. त्या कामावर मजुरी वेळेवर मिळते की नाही, हे विचारणारा माणूस आमच्या तालुक्याला हवा होता. पुढे आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने पाणी परिषदा भरू लागल्या, तेथेही ते सतत असत.

आता दुसरी बाजू. आमच्या घरातच ती आहे. आजोबा लाल बावट्याचे, तर काका कट्टर विरोधक. काकांचे म्हणणे असे, की मतदारसंघाने आयुष्यभर विरोधी बाकांवरचा माणूस निवडून दिला, मग कृष्णेचे पाणी आपल्या शिवारात यायला इतकी वर्षे लागणारच! सत्तेतल्या आमदाराने ते दहा वर्षांत आणले असते. हा युक्तिवाद महाविद्यालयातही मी अनेकांकडून ऐकला आहे, म्हणून त्याची जरा तपासणी करतो.

एक तर गणपतराव नेहमीच विरोधात नव्हते. 1978 च्या पुलोद मंत्रिमंडळात आणि 1999 नंतरच्या आघाडी मंत्रिमंडळात ते मंत्री होते. त्या वर्षांत पाणी आले काय? नाही. दुसरे, कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले 1996 साली. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेले 560 अब्ज घनफूट पाणी मे 2000 पूर्वी वापरात आणण्याची घाई सरकारला झाली होती, त्यातून टेंभूसारख्या योजनांना वेग आला. त्या वेळी सांगोल्याचा आमदार होता काँग्रेसचा आणि सरकार होते युतीचे. म्हणजे पाण्याच्या बाबतीत आमदार कोणत्या बाकावर बसतो यापेक्षा लवादाचा निवाडा, पंपांची वीज आणि तिजोरीतला पैसा यांनीच अधिक ठरवले. काकांना हे मी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘मग आमदार निवडायचाच कशाला?’ प्रश्न बिनतोड आहे!

त्याचे माझ्या परीने उत्तर असे. आमदार हा कार्यकारी अधिकारी नव्हे. तहसीलदाराला हुकूम सोडण्याचा कायदेशीर अधिकार त्याला नाही. त्याची हत्यारे निराळी : तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, अर्थसंकल्पावरचे भाषण. मंत्र्याला सभागृहात उभे करून ‘अमुक कालव्याचे काम का थांबले?’ याचे उत्तर नोंदवून घेणे हे त्याचे खरे काम. गल्लीतली गटारे आणि सभामंडप ही कामे आमदार निधीमुळे त्याच्या मागे लागली आणि लोकही आमदाराला त्यावरूनच जोखू लागले. ही गोष्ट मला बरी वाटत नाही. आपल्या ग्रंथालयात विधानसभेच्या कामकाजाचे काही खंड आहेत. त्यांवरची धूळ पाहता ते गेल्या कित्येक वर्षांत कोणी काढलेले नसावेत. राज्यशास्त्राच्या मित्रांनी एकदा तरी ते चाळावेत.

मतांच्या फरकाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून सांगोल्याची हकिकत पुरी होत नाही. 1995 साली कागदी मतपत्रिकांवर शिक्के मारून मतदान झाले आणि गणपतराव 192 मतांनी पडले. विजयी झाले काँग्रेसचे शहाजीबापू पाटील. पुढे 2014 पर्यंत ही जोडी पुनःपुन्हा समोरासमोर आली. 2014 ला पंच्याऐंशी ओलांडलेल्या गणपतरावांनी शिवसेनेकडून उभ्या असलेल्या बापूंना सुमारे 25 हजारांनी हरवले. 2019 ला त्यांनी वयोमानामुळे माघार घेतली आणि नातू अनिकेत देशमुख उभे राहिले. ते पडले, 768 मतांनी! जवळजवळ दोन लाख मते दोघांत वाटली गेली आणि त्यातली 768 इकडची तिकडे. आमच्या आळीतले चार जण त्या दिवशी पुण्याहून आलेच नव्हते. दिवाळी आठवड्यावर आलेली, दोनदा भाडे कोण घालणार, असा त्यांचा हिशेब. निकाल ऐकल्यावर आजोबा त्यांच्या घरांवरून जाताना महिनाभर मान वळवून जात. (मते अगदी समान पडली असती तर कायद्याप्रमाणे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला चिठ्ठी टाकून निकाल लावावा लागतो.)

30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. पुढच्याच वर्षी शहाजीबापू गुवाहाटीहून केलेल्या त्या दूरध्वनीमुळे देशभर गाजले. नोव्हेंबर 2024 मध्ये मी पहिल्यांदा मत दिले. त्या निवडणुकीत दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडून उभे होते, समोर बापू आणि ठाकरे गटाचे दीपक साळुंखे. तिरंगी लढतीत साळुंख्यांनी पन्नास हजारांवर मते घेतली आणि देशमुख सुमारे 25 हजारांनी आले. अख्ख्या राज्यात शेकापचा हा एकच आमदार. आजोबा म्हणाले, ‘आबांचं घर राखलं.’ काका म्हणाले, ‘घराणेशाही ती घराणेशाहीच, मग बावटा कुठल्याही रंगाचा असो.’ मला काकांचे हे म्हणणे पटते आणि आजोबांचा आनंदही समजतो.

राहिले भाळवणी मंडल. माझे आजोळ तिकडेच. मामांना सातबाऱ्याच्या कामासाठी पंढरपूरच्या तहसिलीत जावे लागते, आणि आमदार मात्र सांगोल्याचा. काम अडले की पंढरपूरकर म्हणतात तुमच्या आमदाराला सांगा, आणि सांगोल्याला गेले की तिथे तालुक्यातल्या गावांची रांग आधीच लागलेली. 2008 ची आखणी 2001 च्या जनगणनेवर झाली होती. घटनेप्रमाणे नवी आखणी 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हावयाची आहे. त्या आखणीत ही गावे कोणीकडे जातील याची चर्चा मामांच्या गावी आत्तापासून सुरू झाली आहे, आणि दोन्हीकडचे पुढारी हल्ली त्यांच्याकडे चहाला थांबतात.