आई-वडिलांचा सौदी व्हिसा : मुलांचा इकामा आणि हजचे दिवस

सौदी अरेबियात नोकरी करणाऱ्या भारतीयाला आई-वडिलांना बोलवायचे असेल, तर बहुतेक घरांसाठी वाट एकच : कौटुंबिक भेटीचा व्हिसा. अर्ज आई-वडील करत नाहीत. मुलगा किंवा मुलगी स्वतःच्या चालू इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, तो सौदी परराष्ट्र मंत्रालयाकडे करते. महाड, खेड, श्रीवर्धनकडच्या ज्या घरांतली माणसे वर्षानुवर्षे आखातात आहेत, तिथे नुसते ‘व्हिजिट’ म्हटले तरी पुरते.

मंजुरी आली की बोटांचे ठसे आणि फोटो भारतातच द्यावे लागतात. मे २०२३ पासून पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागत नाही. क्यूआर कोड असलेला कागद मिळतो. खरी अडचण नात्याच्या पुराव्याची. मुलाच्या पासपोर्टवर आईचे नाव एका तऱ्हेने आणि तिच्या स्वतःच्या पासपोर्टवर दुसऱ्या तऱ्हेने असले, की कागद अडतो. लग्नानंतर नाव बदलण्याची आपल्याकडची रीत इथे महागात पडते. जन्मदाखला जोडायचा झाल्यास आता अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणपत्र, चालते, कारण त्याविषयीचा हेग करार सौदीत ७ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे.

२०१६ मध्ये एका प्रवेशाच्या व्हिसाचे शुल्क २,००० रियाल झाले होते. २०१९ मध्ये ते ३०० वर आले. याउलट इकाम्यावर सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांवरचा कर वाढत गेला : जुलै २०१७ मध्ये माणशी महिना १०० रियाल, २०२० पर्यंत ४००. त्या दराने दोन माणसांचे वर्षाचे ९,६०० रियाल होतात. बायको-मुलांनाही गावी पाठवून वर्षातून एकदा ‘व्हिजिट’वर बोलावण्याचा हिशेब अनेकांनी मांडला, तो यामुळेच.

मुक्कामाची मुदत मात्र हजशी बांधलेली आहे. वर्षभर चालणारा, दर वेळी ९० दिवस राहू देणारा अनेक-प्रवेश व्हिसा सोयीचा होता. दम्माम-खोबरकडची मंडळी मुदत संपत आली की किंग फहद पुलावरून बहरीनला जाऊन परत येत. फेब्रुवारी २०२५ पासून भारतासह १४ देशांसाठी हा व्हिसा थांबवला गेला आणि ३० दिवसांचा एकच प्रवेश उरला. कारण विनापरवाना हज. भेटीच्या व्हिसावर परवानगी काढून उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करता येतो, हज नाही. २०२५च्या हंगामात असा प्रयत्न करणाऱ्याला २०,००० रियालपर्यंत, तर त्याच्यासाठी भेटीचा व्हिसा मागणाऱ्याला १,००,००० रियालपर्यंत दंड जाहीर झाला. जुबैलमधल्या एखाद्या हिंदू अभियंत्याच्या आई-वडिलांचा मक्केशी संबंध येत नाही, तरी बंधन त्यांनाही तेच.

आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण तो तातडीच्या उपचारांपुरता. मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या घरूनच न्याव्या लागतात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

पर्यटक व्हिसा सप्टेंबर २०१९ मध्ये ४९ देशांना खुला झाला. त्यात भारत नव्हता. पुढे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेन देशांचा वापरलेला, चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना सवलत मिळाली. म्हणजे एक मूल न्यू जर्सीत असेल, तर दुसऱ्याकडे रियाधला जाणे सोपे!

भेटीच्या व्हिसाची मुदतवाढ अबशर या सरकारी सेवेतून, बोलावणाऱ्याच्याच खात्यावरून मागायची असते. पाहुणा मुदतीत परतला नाही आणि यजमानाने कळवले नाही, तर यजमानाला ५०,००० रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि देशाबाहेर रवानगी होऊ शकते.