मन का बिघडले, ते मित्राला सांगा!

"रँक किती?" वसतिगृहातला हा साधा प्रश्न. पण त्यामागची जातीची चौकशी आमच्या मुलांना बरोबर कळते. मग जेवण जात नाही, चिडचिड होते, वर्गात जावेसे वाटत नाही. हा स्वभावदोष नव्हे. जुन्या जखमेवरचा नवा घाव आहे. प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या 'एम्स'मधील भेदभाव २००७ सालीच नोंदवला होता. म्हणून दोन-तीन मित्रांनी रोज रात्री एकत्र बसावे. आज मन कशाने बिघडले, तेव्हा छाती धडधडली की झोप उडाली, ते बोलावे. ऐकणाऱ्याने उपदेश करू नये. मरणाचा विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये. 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. 'संघटित व्हा' याचा हाही अर्थ आहे!