आठ कळ्यांची सावली

पावसाळा जवळ आला की आपण माळ्यावरच्या छत्र्या काढतो, उघडून बघतो आणि मोडक्या काडीची छत्री नाक्यावरच्या छत्रीवाल्याकडे पाठवतो. पण आठवडी बाजारात जिच्याखाली बसून मेथी-कोथिंबीर विकली जाते, ती सहा-सात फुटी मोठी छत्री दुरुस्त करायचं कुणाच्या मनातही येत नाही. आधी तिची एक काडी निखळते. मग कापड लोंबायला लागतं. एखाद्या वावटळीत आणखी दोन काड्या वाकतात आणि छत्री कोपऱ्यात जाऊन पडते. विकणारी बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसते ती बसतेच.

मैत्रिणींनो, यात नुकसान किती बाजूंनी होतं बघा. उन्हात पालेभाजी दुपारपर्यंत मान टाकते, मग सकाळचा भाव कुठला मिळायला? आणि बाईचं काय? बऱ्याच बाजारांत बायकांसाठी धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून त्या पाणीच कमी पितात. वर ऊन, पोटात पाणी नाही. डोकेदुखी, चक्कर, लघवीची जळजळ या तक्रारी मग घरी येऊन अंगावर काढल्या जातात. अशा ठिकाणी छत्री म्हणजे काही शोभेची वस्तू नव्हे.

खरं तर ही दुरुस्ती अवघड नाही. ज्या बाईला परकर शिवता येतो तिला छत्रीचं कापड सांधता येतं. परकराच्या जशा कळ्या, तशाच छत्रीच्या, बहुतेकदा आठ. शिवण उसवली असेल तर जुन्या शिवणीवरूनच टाके घाला. शेजारून नवी शिवण मारली तर सुईच्या भोकांच्या दोन रांगा होतात आणि कापड तिथेच फाटतं. साधा सुती दोरा वापरू नका. ओल धरून तो कुजतो. पॉलिस्टरचा जाड दोरा घ्या आणि तो मेणबत्तीवरून एकदा ओढून घ्या. कापड फाटलं असेल तर ठिगळ आतल्या बाजूने लावा, आणि त्याचे कोपरे गोल कापा, कारण टोकदार कोपरा वाऱ्याने आधी सुटतो. ठिगळासाठी मोडीत निघालेल्या जुन्या छत्रीचं कापड सगळ्यात उत्तम. चिकटवायच्या भानगडीत पडू नका, उन्हाने गोंद सुटतोच. शिवण झाल्यावर तिच्यावरून मेण घासलं की पाणी ठिबकणं बरंच कमी होतं.

काडीच्या टोकाला एक बारीक भोक असतं. कापड सुटतं ते बहुतेक वेळा तिथेच. त्या भोकातून चार-पाच वेळा दोरा ओवून घट्ट गाठ मारली की काम झालं. एवढ्या दहा मिनिटांच्या कामावाचून अख्ख्या छत्र्या वाया जातात, हे बघून मला खरंच राग येतो. वाकलेली काडी मात्र हातोडीने ठोकू नका, हळूहळू दाबत सरळ करा. तडकली असेल तर हाडाला फळी बांधतात तशी तिला सायकलची जुनी तार जोडून बारीक तारेने आवळून बांधायची. तारेची टोकं आत वळवून वर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर तीच टोकं कापड फाडतील. गंज चढला असेल तर पॉलिश पेपरने घासून आधी रेड ऑक्साइड आणि मग ऑइलपेंट लावा. सांध्यांत शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. आणि थेंबच बरं का! जास्त झालं तर कापडाला डाग पडतात.

ही उठाठेव वर्षातून दोनदा करावी, एकदा होळीच्या सुमाराला आणि एकदा मृगाच्या आधी.

आता निगा. ओली छत्री मिटून ठेवली की बुरशी धरलीच म्हणून समजा. घरी आल्यावर अर्धवट उघडून आडोशाला वाळवा आणि मगच मिटा. काळे ठिपके दिसले तर सौम्य साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे, ब्लीच नको. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी घालू नका, आत दमटपणा कोंडतो. जुन्या चादरीची खोळ शिवा. कापड बोटांनी ओढताच चरचरत असेल तर मात्र ठिगळाचा मोह सोडा. उन्हाने ते आतून मेलेलं असतं, अशा वेळी सांगाडा ठेवून कापडच नवीन घालावं.

वाऱ्याचं तर विचारूच नका. मोठी छत्री म्हणजे शीडच. वीस लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरलं तर वजन वीस किलो होतं. तोच कॅन कोरड्या वाळूने भरला तर तीस किलोच्या आसपास जातं. म्हणून बुडाला वाळू बरी. तरीही वावटळ दिसली की छत्री मिटायचीच. आणि लोखंडी दांड्याची छत्री उभी करण्याआधी वर विजेची तार नाही ना, हे मान वर करून बघा.

पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे जे प्रतिनिधी असतात, त्यांत एक तृतीयांश महिला असल्या पाहिजेत, असं त्यात आहे. बाजारात सावलीची शेड हवी, स्वच्छतागृह हवं, हे त्या बायकांनी तिथे मांडायला हवं. आपल्या गावच्या समितीवर कोण बायका आहेत, हे नगरपालिकेत जाऊन विचारायला काय हरकत आहे?

हल्ली आपल्याकडेही बंगल्याच्या बागेत, गच्चीवर टेबलाच्या मधोमध उभी करायची रंगीत छत्री आली आहे. तिला वरची सगळी निगा जशीच्या तशी लागू. दोन-तीन उन्हाळ्यांत रंग विटला की ती अडगळीत जाते. तशी कुणाकडे पडून असेल तर भंगारात घालू नका. काड्या सांधून, कापड शिवून रोजच्या भाजीवालीला विचारून बघा. फक्त देताना तिचा स्टँडही द्या, कारण नुसती छत्री बाजारातल्या मातीत उभी राहत नाही.