देवापुढचे गाऱ्हाणे

(द्वितीय वर्ष, कला)

प्रार्थना म्हटली की डोळे मिटलेला, हात जोडलेला, शांत चेहऱ्याचा माणूस आपल्यापुढे उभा राहतो. पण मनात शांती नसेल, उलट देवाचाच राग आला असेल, तर माणसाने काय करावे? राग गिळून गोड शब्द म्हणावेत, की प्रार्थनाच सोडून द्यावी? ख्रिस्ती धर्मग्रंथाने या प्रश्नाला मोकळेपणाने वाट करून दिली आहे. माझ्या अल्प वाचनातून ती मला जशी समजली तशी येथे मांडते.

पंचवटीतल्या मुलीने ख्रिस्ती प्रार्थनेवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याला कारण लक्ष्मीबाई टिळक. त्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर आभाळच कोसळले. पुढे पतीकडे परतल्यावरही काही काळ त्यांनी आपले सोवळे सांभाळले. मन वळल्यावरच, १९०० साली, त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या. न पटलेले पटल्यासारखे दाखवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना पानोपानी जाणवते. अशी बाई देवाशी काय बोलत असेल, या कुतूहलाने मी ग्रंथालयातून मराठी बायबल घरी आणले.

त्यातील ‘स्तोत्रसंहिता’ म्हणजे १५० गीतांचा संग्रह. हिब्रू भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ ‘स्तुतिगीते’ असा आहे. नवल हे, की त्यांतील सुमारे एक तृतीयांश गीते विलापाची आहेत! त्यांची एक ठरावीक घडण दिसते. आधी देवाला हाक, मग दुःख उघडे करणे, मग मागणे, आणि शेवटी बहुधा विश्वासाचे शब्द. तेरावे स्तोत्र ‘आणखी किती काळ?’ या अर्थाच्या प्रश्नाने सुरू होते आणि गाण्यात संपते. अठ्ठ्याऐंशीवे मात्र अंधारातच संपते. त्याला गोड शेवट नाही, तरीही ते प्रार्थनांच्या संग्रहात मानाने राहिले आहे.

हन्नाची कथा मला सर्वांत जवळची वाटली. मूल नसल्याने गांजलेली ही बाई शिलोच्या मंदिरात रडत प्रार्थना करते. तिचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही. एली नावाचा याजक ती दारू प्यायली आहे असे समजून तिला रागावतो. ती शांतपणे सांगते, की मी माझे मन परमेश्वरापुढे ओतत आहे.

दोन वर्षांपूर्वी माझे वडील गेले. रामकुंडाजवळ त्यांचे पूजासाहित्याचे लहानसे दुकान होते. दुसऱ्यांच्या श्राद्धाचे सामान त्यांनी जन्मभर बांधून दिले. घरी येणारा प्रत्येकजण आईला सांगे, ‘देवाची इच्छा. त्याला बोल लावू नये.’ आई रोज दिवा लावी, पण तिचे ओठ हलत नसत. हन्नाची गोष्ट मी तिला सांगितली तेव्हा तिने विचारले, “मग तिला कोणी रागावलं नाही?” मी म्हटले, “पुजारी रागावला. देव नाही.”

मग मनाला येईल ते बोलणे म्हणजे प्रार्थना का? तसे नाही. अरण्यात इस्राएल लोक तंबूंच्या दारांत बसून रडगाणे गातात. मोशे तेच दुःख घेऊन थेट देवाकडे जातो आणि ‘हे ओझे मला पेलत नाही, त्यापेक्षा मला मरण दे’ अशा अर्थाचे बोलतो. उत्तरादाखल त्याला ओझे वाटून घ्यायला ७० वडीलधारी माणसे मिळतात. पाठीमागे केलेली कुरकुर आणि समोर उभे राहून घातलेले गाऱ्हाणे यांत हा फरक आहे. गाऱ्हाण्यात नाते तुटत नाही. जो ऐकणारच नाही, त्याच्याशी कोण भांडेल?

खुद्द येशूनेही गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा अशी विनवणी केली, आणि मगच पित्याची इच्छा स्वीकारली. त्याचे ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे शब्द आधीच्या विनवणीमुळेच खरे ठरतात. ती गाळून आपण नुसते शेवटचे शब्द पाठ केले तर ती शरणागती नव्हे, केवळ शिष्टाचार होय.

मराठी मनाला हे परके नाही. जनाबाई विठ्ठलाला खडसावते, तुकोबा त्याच्याशी भांडतात. टिळक तुकोबांच्याच वाटेने ख्रिस्ताकडे आले आणि अभंगांतून त्याला माउली म्हणू लागले. माउलीशी कोणी तोलूनमापून बोलत नाही.

देवाला सारे आधीच ठाऊक असते, मग सांगायचे कशाला, अशी शंका येईल. मला वाटते, सांगण्याने देवाला नवे काही कळत नाही. आपणच आपल्याला कळतो. लपवलेले दुःख कडू होते, आणि सांगितलेले दुःख निदान दोघांचे होते.